वाढत्या मापाची झोळी

पुष्पा, परवा केशोरीहून फोन आला. गाय बसली आहे, उठत नाही, या म्हणाले. फोन तुझ्याच मोबाईलवर आला होता. सुखदेवभाऊंनी तो उचलला, दोन शब्द ऐकले आणि चालू फोन तसाच हातात धरून माझ्या दुकानात आणून दिला. तुझा नवरा पहिल्यापासूनच बोलण्यात कंजूष, आता तर तोंडाला कुलूपच लावून बसला आहे. मी बांगड्यांना कागद गुंडाळत होते. फोन कानाला लावला, 'पाहतो, सांगतो' एवढं म्हटलं आणि ठेवून दिला. बसलेल्या जनावरासाठी फोन आला आणि आपल्यातल्या कोणी 'पाहतो' म्हटलं, असं आजवर झालं नव्हतं. तू असतीस तर तिथंच, गिऱ्हाइकांसमोर, माझी खरडपट्टी काढली असतीस.

खरं सांगते, जावं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. बसलेली गाय उभी करायला सहा बाया लागतात, हे तूच ठरवलेलं. दोघी तोंडाकडं, दोघी पुढच्या खांद्यांना, दोघी मागच्या पुठ्ठ्यांना, आणि वर कप्पीचा दोर ओढायला घरचे गडी. सगळ्यात अवघड जागा मागची, आणि मागच्या डाव्या पुठ्ठ्याला नेहमी तू. पाच जणींनी उचललं तर गाय एका अंगावर कलते, पोटाखालची झोळी फिरते आणि पाय दुमडून ती पुन्हा खाली येते. तसं एकदा पडलेलं जनावर मग सहसा उठत नाही. दुरपता म्हणाली, "आता हे सामान बांधून ठेवू मंगला. तिच्याबिगर मांगून कोन धरन?" बाकीच्या तिघींपैकी 'असं कसं' असं कोणी म्हटलं नाही.

म्हणजे केशोरीची ती एक गाय तर होतीच, पण त्यात आपलाही निकाल लागणार होता. आपण उचलणाऱ्या बाया राहणार, की पुन्हा आपापल्या घरात आणि दुकानात बसून रस्त्यावरची गंमत पाहणार, एवढाच तो प्रश्न. आणि ज्या बाईशी मी असल्या प्रश्नांवर वर्षानुवर्षं भांडले ती बाई भांडायला हजर नाही. म्हणून हे लिहून राहिले.

तुझी तेरवी झाली. शोकसभापण झाली, शाळेच्या पटांगणात, खुर्च्या मांडून. एक पाहुणे बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, पुष्पाबाई म्हणजे शांत स्वभावाची मृदुभाषी मूर्ती. मी आणि दुरपतानं एकमेकींकडं पाहिलं. तुझा आवाज दुकानातून रेल्वे फाटकापर्यंत जायचा. ब्लाउजच्या बाहीवरून तू तहसीलमधल्या बाईला रडवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. मृदुभाषी म्हणे. माणूस मेलं की त्याच्यातलं अर्धं काढून टाकून उरलेल्यालाच हार घालतात. मी तशी नाही. मला तू अख्खी पाहिजे, तोंडाळ, हेकट आणि दुसऱ्याचं काही एक न ऐकणारी. आणि ऐक, मला तुझा गर्व आहे. जिवंतपणी मी हे एकदाही बोलले नाही, कारण बोलले असते तर तू माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या असत्यास.

सुरुवात तुला आठवते का? स्टेशन रोडला तुझं शिलाईचं दुकान, बाजूला माझं बांगड्यांचं. मधल्या भिंतीला भोक पडलेलं, त्यातून तू कात्री मागायचीस आणि मी चहा द्यायचे. मागच्या गल्लीतल्या म्हातारीची गाय व्याली आणि बसली. आपल्याकडं जनावर बसलं म्हणजे संपलं, असंच सगळे धरून चालायचे. समोर तणीस टाकायची, पाणी ठेवायचं, कपाळाला हळदकुंकू लावायचं आणि वाट पाहायची. डॉक्टर आले, त्यांनी सलाईन लावली, इंजेक्शन दिलं आणि जाताना म्हणाले, औषधाचं काम झालं, आता हिला रोज उभी करा, नाही तर पायातला जीव जाईल. उभी करा म्हणणं सोपं आहे. सगळी गल्ली गोळा झाली आणि सगळी गल्ली बघत उभी राहिली. कोणी शेपूट पिळा म्हणे, कोणी नाकाला मिरची लावा म्हणे.

तू गळ्यात टेप लटकवून तिथं आलीस आणि गाईचं माप घ्यायला लागलीस. छाती, पोट, पुठ्ठ्यापासून खांद्यापर्यंतची लांबी. लोक हसून राहिले. मीपण हसले, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "काय वो पुष्पा, गाईले ब्लाउज शिवून राहिली का?" तू वर न बघता म्हणालीस, "हाव. तुह्या मापाचा कपडा उरला नाई म्हणून तिचा शिवतो." राईस मिलमधून बारदाना आणला, दोन पदरी केला, मधे जुनी गोधडी घातली, दाभणानं सुतळीची शिलाई मारली आणि दोन्ही बाजूंना खाटेच्या नवारीचे पट्टे लावले. दिवस मावळायच्या आत झोळी तयार. म्हातारीच्या गोठ्याच्या आड्याला कप्पी बांधली आणि गाय उचलली. पहिल्यांदाच गाय हवेत अर्धी उठली तेव्हा ती म्हातारी रडायला लागली, आणि तू तिच्यावर ओरडलीस, रडू नंतर, आधी दोर धर म्हणून.

आणि मग ती फजिती. तू शिंपीण, माप म्हणजे माप. झोळी अशी फिट्ट शिवली होतीस की एक बोट आत जाणार नाही. गाय रिकाम्या पोटी मोजलेली. दोन दिवस चारा-पाणी पोटात गेलं, पोट फुगलं, आणि तिसऱ्या दिवशी उचलता उचलता ती झोळी पोटाखाली टर्रकन उसवली. गाय खाली आली आणि तिचा गुडघा बरोबर माझ्या पावलावर. मी बोंबलून राहिले आणि तू शिलाई तपासून राहिलीस. जगात दुसऱ्या कोणी ही चूक केली नसती. गाईला उचलायची झोळी अंगाबरोबर फिट्ट शिवायला शिंपीणच पाहिजे. मी लंगडत होते आणि तू मला समजावत होतीस, शिलाई चुकली नाही, माप चुकलं. त्याच संध्याकाळी तू नवी झोळी शिवायला घेतलीस आणि शाळेच्या गणवेशाला ठेवतेस तशी आत दुमड ठेवली, पट्ट्यांना सरकती गाठ दिली. म्हणालीस, "जे जगनार हाये, त्याले वाढत्या मापाचं शिवा लागते." त्यानंतर आपली एकही झोळी उसवली नाही. आणि माझं पाऊल अजूनही पावसाळ्यात ठणकते, हे नोंदवून ठेव.

ती गाय उभी राहिली. पुढे खूप राहिल्या. सगळ्याच नाही, पण खूप. आणि आपण दोघींच्या सहा जणी झालो.

बांगड्यांचं भांडण तर अजून मिटलेलं नाही. हातभर काचेच्या बांगड्या घालून जनावर उचललं तर बांगड्या फुटतात, काच जनावराच्या पोटात घुसते, आपल्याही मनगटात. तू म्हणालीस, उतरवा. सगळ्यांच्या सासवा खवळल्या. सवाष्णीनं बांगड्या उतरवायच्या, तेही ढोरासाठी? मीपण तुझ्यावर चिडले, कारण माझा धंदाच तो. एका गोठ्यात उभ्या राहून आपण दोघी भांडलो आणि गाय बिचारी मान वळवून कधी तुझ्याकडं, कधी माझ्याकडं पाहत होती. दुसऱ्या दिवशी तू ब्लाउजच्या उरलेल्या कापडाच्या जाड बाह्या शिवून आणल्यास, कोपरापर्यंतच्या, आत रुई भरलेल्या. बांगड्या आत राहतील, काच बाहेर येणार नाही. कोणाची बाही जरीची, कोणाची फुलाफुलांची, माझी तर अर्धी हिरवी आणि अर्धी जांभळी, मुद्दाम. गावागावांत लोक आपल्याला त्या रंगीत बाह्यांवरून ओळखायला लागले. पोरं ओरडायची, झोळीवाल्या बाया आल्या. मी वरून नाक मुरडायचे, पण आतून छाती फुगायची.

संस्था रजिस्टर करायला आपण गोंदियाला गेलो तेव्हाचं आठवलं की अजून हसू येते. टेबलामागचा बाबू कागदावरून मान वर न काढता म्हणाला, "उद्देश क्या लिखूँ? गोसेवा लिख दूँ?" तू म्हणालीस, "लिखो, गिरे हुए जानवर को खड़ा करना।" तो म्हणाला, "बस इतना?" तू म्हणालीस, "इतना तुमसे होता है क्या?" मी तुझा पदर ओढून राहिले, की बाई, आधी सही तर होऊ दे. त्यानं पेन खाली ठेवलं, तुझ्याकडं पाहिलं आणि मग तसंच लिहिलं. आपल्या कागदावर आजही तेच वाक्य आहे. गाय, बैल, म्हैस, बकरी असं काही नाही. पडलेलं जनावर, एवढंच. त्या वाक्याच्या जोरावर आपण गाढव उचललं, नाक्यावरची घोडी उचलली, आणि एकदा ते डुकराचं पिल्लूसुद्धा, ज्याला खरं तर काहीच झालं नव्हतं, ते नुसतं झोपलं होतं.

मला सगळ्यात आवडायचा तो गाडीचा प्रवास. झोळीची गुंडाळी तुझ्या डोक्यावर, कप्पी माझ्या पिशवीत, दोर दुरपताच्या खांद्यावर. आपल्या सौंदडच्या स्टेशनवर आपण सहा जणी उभ्या राहिलो की लोक बाजूला सरकायचे. टीसीनं विचारलं, "इसमें क्या है?" तू म्हणालीस, "गाय का झूला।" त्यानं तिकिटं न बघताच पुढचा डबा गाठला. अर्जुनीला उतरायचं, तिथून जीपगाडी, नाही तर कोणाचा ट्रॅक्टर. धानाच्या रोवणीचे दिवस असले की दोन्ही बाजूंना बांध्यांमधून बाया वाकलेल्या असायच्या आणि तू गाडीतून त्यांना हाका मारायचीस, ओळख ना पाळख. त्या पण वर बघून हात हलवायच्या. म्हणायचीस, "त्याही दिवसभर वाकूनच राहिल्या. आपण जरा उचलून राहिलो." हे वाक्य तुझ्या शोकसभेत कोणाच्याच तोंडी आलं नाही. तिथं सगळे 'गोमातेची सेवा' म्हणून राहिले होते.

आता त्या बैलाचं. टाळून चालणार नाही.

फाटकापलीकडच्या भोजराजचा बैल चिखलणी करताना घसरून बसला. तुझा नियम ठरलेला होता. जनावर जोवर चाऱ्याला तोंड लावते तोवर उचलायचं. तो बैल चारा खायचा. रोज खायचा. आणि रोज उचलला की मागचे पाय लुळे, लाकडासारखे लोंबून राहायचे. डॉक्टरांनी मान हलवली होती. मी म्हटलं, पुष्पा, पुरे कर, त्याला दुखते, डोळे पाहा त्याचे. तू म्हणालीस, "खाऊन राहिला ना तो? मंग तू कोन वो त्याचं ठरवनारी?" आपण आषाढभर त्याला उचलत राहिलो. श्रावण सरता सरता तो झोळीतच गेला, आपल्या हातांत. पोळ्याच्या दिवशी भोजराज पुरणपोळीचं ताट घेऊन तुझ्या दुकानात आला. त्याच्याकडं पोळ्यात न्यायला बैल नव्हता, तरी ताट घेऊन आला. म्हणाला, "माह्या बैलानं बसून जीव नाई सोडला बाई. उभ्यानं सोडला." तू माझ्याकडं असं पाहिलंस की जणू कोर्टात निकाल लागला. आणि मी, जिभेला हाड नसलेली, त्याच्यासमोरच बोलले, "त्याले उभ्यानं मराचं होतं का, हे त्याले कोनं विचारलं?"

तू माझ्याशी बोलायची थांबलीस. भिंतीच्या भोकात कापडाचा बोळा कोंबलास. मीपण नाही बोलले. मी काही चुकीचं म्हटलं नव्हतं आणि आजही मला तसंच वाटते. दसऱ्याला तू मला नवी बाही शिवून पाठवलीस, जुनी चांगली धडधाकट असताना. ती माफी होती की शेखी, हे मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. मी ती हातात चढवली आणि पुढच्या फोनला तुझ्यासोबत गेले. आपली दोस्ती अशीच चालली, न मिटलेल्या भांडणाला नवं कापड लावून.

मग तुला लकवा झाला. गेल्या हिवाळ्यात, मशीनवर बसल्या बसल्या. उजवं अंग गेलं, शिलाईचा हातच गेला. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा डॉक्टरांनी तेच सांगितलं जे आपण गावोगाव सांगत फिरलो होतो. एका कुशीवर ठेवू नका, कूस बदला, रोज बसवा, रोज उभं करा. सुखदेवभाऊ एकटे काय करणार? आम्ही पाच जणींनी पाळ्या लावल्या. आणि पुष्पा, काय सांगू तुला, आम्हाला येत होतं. कुठं हात घालायचा, पाठीला कुठं टेका द्यायचा, कोणी कधी दम भरायचा, सगळं येत होतं. नर्सबाई तुला तपासायला आल्या तर म्हणाल्या, एवढे दिवस अंथरुणात आणि पाठीला एक जखम नाही, कोण करते यांचं? दुरपतानं छाती ठोकून सांगितलं, "आमी ढोरायचे डॉक्टर आहो." तू अर्ध्या तोंडानं हसलीस. एक बाजू हसली, दुसरी तशीच राहिली.

आम्ही तुला रोज उभी करत होतो. दोघी काखेत, एक पाठीला, एक पायाशी. तू रोज प्रयत्न करायचीस, घाम फुटायचा, आणि उजवा पाय तसाच. फाल्गुन गेला, चैत गेला. एका दुपारी आम्ही तुला उचलायला हात घातले आणि तू म्हणालीस, "नोको." जीभ जड, पण शब्द स्वच्छ. "आता उभं नोका करू मले. बसवा, कूस फिरवा, पन उभं करनं बंद."

मी भडकले. तुझ्यावर, खाटेवर पडलेल्या बाईवर. म्हटलं, तू पोहे खाऊन राहिलीस ना? सकाळी दोन वाट्या खाल्ल्यास. जोवर खाते तोवर उचलायचं, हा नियम कोणाचा? त्या बैलाला आषाढभर लोंबवलं तेव्हा माझं ऐकलं नाहीस आणि आता स्वतःची पाळी आली तर पुरे म्हणतेस? दुरपता मला बाहेर ओढायला लागली. तू डावा हात वर केलास, तिला थांबवलंस. आणि दम घेत घेत, एक एक शब्द जोडत म्हणालीस, "मंगले, ढोराले बोलता येत नाई. म्हणून आपुन उचलतो. मले बोलता येते."

पुष्पा, मी बाहेर अंगणात जाऊन रडले, ते तुला माहीत नाही. वर्षानुवर्षं मी तुला म्हणत आले की थांबायचं कधी ते ठरव, आणि तू थांबलीस ती स्वतःच्या वेळी, स्वतःच्या तोंडानं, आणि तेव्हा मलाच थांबवेना. आम्ही तुझं ऐकलं. उभं करणं बंद केलं. कूस फिरवली, अंग पुसलं, वेणी घातली, माझ्याकडच्या बारीक हिरव्या बांगड्या तुझ्या डाव्या हातात भरल्या. तू खाटेवरून शांता आणि रेखाला झोळीची शिलाई शिकवलीस, टाका चुकला की अर्ध्या तोंडानं शिव्या देत. आपल्या दोघींचं मात्र नंतर चांगलंच जमलं. भांडायला विषयच उरला नव्हता. मला ते दिवस आवडले नाहीत, खरं सांगते. तुझ्याशी भांडता येत नसेल तर कसली गोडी?

तू गेलीस ती सकाळी, चहा पिऊन. गाव लोटलं होतं. केवढी माणसं, पुष्पा. फाटकापलीकडून, पार बोदलकशापासून, जिथं आपण एकदाच गेलो होतो. भोजराज होता. ती मागच्या गल्लीतली म्हातारी तर कधीच गेली, पण तिचा मुलगा होता. माणसांनी तुला उचललं. आपल्याकडं बाया अंगणापर्यंतच, त्याच्या पुढं नाही. आम्ही पाच जणी दाराशी उभ्या होतो आणि ते तुला उचलून राहिले होते, आणि पुष्पा, त्यांना उचलता येत नव्हतं. पुढचे दोघे आधी उठले, मागचे वाकलेलेच. तुझं डोकं एका बाजूला झुकलं. दुरपता तोंडातल्या तोंडात म्हणाली, "मांगून धरा ना गा बावा, मांगून." कोणी ऐकलं नाही. माझे दोन्ही हात आपोआप पुढं झाले होते आणि मी ते पदरात घेतले. तुला आम्ही नीट उचललं असतं. कोणी बोलावलं नाही. हे मी कोणाला बोलले नाही, तुलाच सांगते.

तर केशोरी.

परवा रात्रभर मी त्या 'पाहतो' शब्दावर कूस बदलत राहिले. तू म्हणाली होतीस, ढोराला बोलता येत नाही. मग ती गाय मला काय सांगणार होती? ती काही 'नको' म्हणाली नव्हती. सकाळी मी दुरपताच्या घरी गेले आणि म्हटलं, चल. ती म्हणाली, पाच जणी कशा उचलू? मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण न उचलता घरी बसून तरी काय करणार? तिनं दोर काढला. शांता, रेखा आणि लीला स्टेशनवर येऊन उभ्याच होत्या. त्यांना कोणी निरोप दिला ते अजून कळलं नाही; बहुतेक सुखदेवभाऊंनी, आणि तसं असेल तर त्या माणसानं या महिन्यातलं सगळं बोलणं त्यातच खर्च केलं असणार.

गाडी धरली. अर्जुनीला उतरलो, जीपगाडी केली. केशोरीचं घर ओळखीचं होतं. तुला आठवेल, मागे याच घरातली कपिला आपण उभी केली होती. ही तिचीच कालवड, आता मोठी होऊन पहिल्यांदा व्यालेली. तांबडी, शिंगं अजून आखूड. पुढं तणीस होती आणि ती खात होती. घरचे दोघे भाऊ कप्पी बांधायला आड्यावर चढले. झोळी पोटाखालून घातली, दुमड सोडली, गाठी सरकवल्या. दुरपता तोंडाशी, लीला तिच्याजवळ, शांता आणि रेखा खांद्यांना, मी मागच्या उजव्या पुठ्ठ्याला. डावी बाजू मोकळी. मी त्या दोघा भावांना म्हणणार होते की तुमच्यातल्या एकानं इकडं या, पण दोर सोडून येणार कोण?

घरची सून वंदना दारात पाण्याचा गुंड घेऊन उभी होती. मागच्या वेळी तिनं तुझ्या हातावर पाणी घातलं होतं आणि तू तिला तिच्या ब्लाउजच्या शिलाईवरून टोकलं होतंस. ती आमच्याकडं एक एक करून पाहत होती. म्हणाली, "पुष्पाबाई काऊन नाई आल्या? मांगून येऊन राहिल्या का?"

त्यांना माहीतच नव्हतं. आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं की तू गेल्यापासून हे मी तोंडानं कोणालाच सांगितलं नव्हतं. सौंदडमध्ये सगळ्यांना माहीत होतं, सांगायची वेळच आली नाही. दुरपतानं मान खाली घातली. म्हणजे बोलायचं मलाच होतं.

"पुष्पा गेली," मी म्हटलं. "लकवा झाला होता. गेली."

मला वाटलं, वंदना आता रडेल, नाही तर आत जाईल. तिनं पाण्याचा गुंड भिंतीशी ठेवला. हातातल्या बांगड्या वर सारल्या, त्यावर पदर घट्ट गुंडाळला, गाईला वळसा घालून डाव्या बाजूला आली आणि पुठ्ठ्याशी गुडघे टेकून बसली. तिच्या सासूनं दारातून पाहिलं आणि तिला अडवलं नाही.

"कुठून धरू, तेवढं सांगा," वंदना म्हणाली.

मी गाईच्या पाठीवरून हात लांब केला, तिचं मनगट धरलं आणि तिचा तळवा हाडाच्या खाली नेऊन ठेवला. तू धरायचीस तिथं.